शहाण्याने साफसफाईच्या धंद्यात पडू नये

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्याला आणखी एक जोड द्यायला हवी: शहाण्याने लोकांची घरं साफ करून देण्याच्या धंद्यात पडू नये. हा धंदा मूर्खांचा आहे, आणि परभणीसारख्या गावात तो नीट चालवायचा तर मूर्ख चांगला मुरलेला लागतो. गिऱ्हाइकाची तक्रार आली की वाद न घालता "कुठं राहिलं ते दाखवा" म्हणणारा. झालेलं काम परत येऊन फुकट करून देणारा. जे काम नीट होणार नाही ते पैसे समोर दिसत असताना सोडणारा. आणि गिऱ्हाइकाने कामवालीवर चोरीचा आळ घेतला, तर गिऱ्हाइकावर पाणी सोडून तिच्या शेजारी उभा राहणारा. बाजारात अशा माणसाला येडा म्हणतात. त्या येड्याची ही स्तुती आहे आणि तिच्यातला शब्द न् शब्द मनापासूनचा आहे.

मूर्खांची गंभीरपणे दखल घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. परभणीला लागून असलेल्या आजच्या जालना जिल्ह्यात जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थांनी 'दासबोधा'त मूर्खांच्या लक्षणांना एक अख्खा समास दिला, आणि तेवढ्याने भागेना म्हणून पढतमूर्खांना वेगळा दिला. युरोपात इरॅस्मस नावाच्या पंडिताचं जे पुस्तक १५११ साली छापलं गेलं, त्यात तर मूर्खपणा स्वतःच उभा राहून आपली थोरवी गातो. त्यामुळे विषय हलका नाही. घर झाडणाऱ्याचा मूर्खपणा तेवढा कोणी अजून नीट मांडलेला नाही.

आधी धंदा काय आहे ते सांगतो. मराठवाड्यात घटस्थापनेच्या आधी घरोघर 'दसरा काढतात'. घरातलं सगळं सामान अंगणात येतं, माळ्यावरची भांडी खाली उतरतात, पितळेला चिंच लागते, जळमटं निघतात आणि गोधड्या-वाकळांची गाठोडी नदीवर जातात. गंगाखेडला गोदावरी, पूर्णेला पूर्णा, कुठे दुधना, कुठे करपरा. पूर्वी हे काम घरच्या बायका, जावा-नणंदा आणि शेजारणी मिळून करत. आता वसमत रोडला, कारेगाव रोडला फ्लॅट झाले. नवरा-बायको दोघं नोकरीला, किंवा घरात दोन म्हातारी माणसं आणि मुलं पुण्याला. अंगण नाही, जावा नाहीत. मग फोन करून दोन-तीन बायांना बोलावलं जातं. त्यांची एक मालकीण असते, बहुतेक वेळा तीही कधीकाळी धुणीभांडीच करायची. स्कूटीला बादली, फडा, वायपर, जुन्या कपड्यांची पिशवी अडकवून ती येते. महालक्ष्म्यांच्या आधी एकदा, दसरा-दिवाळीला एकदा आणि उन्हाळ्यात लग्नसराईच्या आधी एकदा, असा हंगाम असतो.

नेमका दसऱ्यालाच माणसांचा तुटवडा पडतो. तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं, पाठोपाठ कापूस फुटतो, आणि शेतातली मजुरी त्या दिवसांत घरकामापेक्षा वरचढ असते. हात बसलेल्या बाया शेतावर जातात. मालकीण नव्या, न शिकलेल्या बाया घेऊन काम ओढते. म्हणजे ज्या महिन्यात कामं सगळ्यात जास्त, त्याच महिन्यात हात सगळ्यात कच्चे. तक्रारी येणारच. ज्याला हे कळलं, तो शहाणा असेल तर धंदा बंद करतो आणि मूर्ख असेल तर तक्रारवही विकत आणतो.

तक्रार कशी येते ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. काम संपलं, पैसे दिले, बाया गेल्या. संध्याकाळी घरच्या काकूंनी पंखा लावण्याआधी पात्यावरून बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. फोन गेला. शहाणी मालकीण फोनवरच उत्तर देते, "काकू, पंखा पुसला हाय. म्या सोता उभी होते. रस्त्याकडची खिडकी उघडी राहिली असंल, धूळ आली." या उत्तरात खोटं असं काही नाही. परभणीत धूळ येतेच, काळ्या मातीचा मुलुख आहे, उन्हाळ्यात ती उडते आणि पावसाळ्यात चपलेला चिकटून घरात येते. वाद मालकीण जिंकते. काकू गप्प बसतात.

येडी मालकीण म्हणते, "येते मी सकाळी." सकाळी ती स्वतः येते, बाईला पाठवत नाही. "कुठं राहिलं ते दाखवा बरं, काकू." काकू दाखवतात. मालकीण स्टुलावर चढते आणि तिला दिसतं की पात्याची खालची बाजू लख्ख आहे, वरची बाजू मात्र तशीच. पात्याच्या कडेला तर काळा चिकट थर, कारण हॉलला लागूनच स्वयंपाकघर आहे आणि फोडणीच्या वाफेचं तेल धुळीला धरून ठेवतं. नुसत्या ओल्या फडक्याने तो थर निघत नाही, पसरतो. पुसणारी बाई बुटकी होती, स्टूल ठेंगणं होतं, तिला पात्याची वरची बाजू दिसतच नव्हती. तिने दिसलं तेवढं अगदी प्रामाणिकपणे पुसलं होतं. मालकीण जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवते आणि दोन्ही हातांनी दाबून बाहेर ओढते, म्हणजे वरची घाण पलंगावर पडत नाही, अभ्र्यात राहते. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. पाऊण तास जातो, पैसा एक मिळत नाही. घरी जाताना ती एक उंच घोडा विकत घेते.

तो घोडा ही त्या तक्रारीची कमाई. फोनवरच वाद जिंकणाऱ्या मालकिणीकडे तो घोडा कधीच आला नसता, आणि तिच्या बाया गावातल्या प्रत्येक पंख्याची फक्त खालची बाजू पुसत राहिल्या असत्या. तक्रारवहीत अशा नोंदी साचत गेल्या की त्याच त्या जागा पुन्हापुन्हा दिसतात: दाराच्या चौकटीची वरची कड, गॅसच्या ओट्याखालचा कोपरा, कमोडच्या मागची भिंत, बटणांचा बोर्ड. या जागा बायांच्या आळसाने राहत नाहीत. त्या डोळ्याच्या रेषेत नसतात म्हणून राहतात. प्रत्येक खोलीचं काम वरून खाली आणि दारापासून सुरू करून दारापाशीच संपवायचं, एवढा साधा नियम पाळला तर त्यातल्या निम्म्या जागा सुटत नाहीत. हा नियम शिकवायला कोणी गुरू येत नाही. गिऱ्हाइकच शिकवतं, तेही रागाने.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात एक मोठी गोष्ट मांडली. माल किंवा सेवा बिघडली की माणसाकडे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा बोलून दाखवणं. निघून जाणारा काहीच सांगत नाही. बोलणारा अजून थांबलेला असतो. आपल्याकडे बहुतेक लोक भिडस्त. "जाऊ द्या, गरीब बाया आहेत" म्हणून गप्प बसतात आणि पुढच्या दसऱ्याला दुसरीला बोलावतात. पहिलीला कधी कळतच नाही की आपलं काय चुकलं. म्हणून तावातावाने फोन करणाऱ्या काकूंचे उपकार मानायला हवेत. त्यांनी दुसरीला फोन लावण्याऐवजी अजून हिलाच लावला आहे.

इथे शहाणा माणूस पुढे सरसावतो आणि म्हणतो, बरोबर आहे, म्हणजे तक्रार नीट हाताळली की फायदा होतो. तसं म्हणणारे विद्वानही आहेत. मॅकोलो आणि भारद्वाज या दोघांनी १९९२ साली असं मांडलं की चूक झाली आणि ती उत्तम रीतीने निस्तरली, तर ते गिऱ्हाइक कधीकधी चूक न झालेल्या गिऱ्हाइकापेक्षाही जास्त खूश होतं. व्यवस्थापनाच्या वर्गात हे वाक्य फार लाडकं आहे. पण पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा, २००७ साली, निष्कर्ष बराच थंडावला: समाधान वाढतं हे खरं, पण ते गिऱ्हाइक पुन्हा काम देईलच असं आढळत नाही. तेव्हा फायद्याच्या आशेने येडेपणा करायला निघालेल्यांनी आत्ताच थांबावं. फायद्याचा हिशेब पक्का नाही. काकूंकडे परत जायचं ते एवढ्याच कारणासाठी की पंख्याचे पैसे घेतले होते आणि पंखा पुसलेला नव्हता. या कारणात हिशेब नाही म्हणूनच त्याला मूर्खपणा म्हणतात आणि म्हणूनच तो मला मोलाचा वाटतो.

तक्रार यायच्या आधीही एक येडेपणा करावा लागतो आणि तो जास्त अवघड आहे. येलदरी धरण जिल्ह्यातच असलं तरी परभणीच्या नळांना रोज पाणी येत नाही. लोक बोअरवर भागवतात. बोअरचं पाणी जड, क्षाराचं. बाथरूमच्या फरशीवर, नळावर, बादलीच्या कडेला पांढरे थर बसतात. गिऱ्हाइकाला ते थर नको असतात आणि त्याने जाहिरातीत चकचकीत बाथरूम पाहिलेलं असतं. बाजारात ॲसिडची बाटली स्वस्त मिळते. जुन्या घरांत, वाड्यांत बाथरूमला शहाबादी फरशी असते. ही फरशी कर्नाटकातल्या शहाबादकडची, आणि ती मुळात चुनखडीचा दगड आहे. तिच्यावर ॲसिड ओतलं की फेस येतो. बाईला वाटतं मळ निघतोय. निघत असतो तो दगड. धुऊन वाळल्यावर फरशी खरखरीत आणि डागाळलेली दिसते, आणि हा डाग पुसून जात नाही, मशीनने घासून पॉलिश केल्याशिवाय. टाइल्स असतील तर त्यांच्या मधल्या फटींतलं सिमेंट ॲसिड खातं आणि वर्षभराने पाणी खाली झिरपायला लागतं. त्यातच कोणी ॲसिडच्या जोडीला ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये घासणाऱ्या बाईचा श्वास कोंडतो. हा धोका बाईला सहसा कोणी सांगत नाही.

येडी मालकीण काम धरण्याआधी सांगते, "वहिनी, ही शहाबादी हाय. हिच्यावर ॲसिड चालत नाही. साबणानं, ब्रशनं जेवढं निघंल तेवढं काढू. सगळं पांढरं जाणार नाही. अन् रोज आंघोळ झाल्यावर वायपर मारला नाही तर महिन्यात परत बसंल." वहिनी म्हणतात, "पलीकडची तर म्हणाली, नव्यासारखं करून देते." आणि काम पलीकडचीला जातं. मालकीण रिकाम्या हाताने स्कूटी वळवते. अशी कामं सोडून सोडून तिचा हंगाम बारीक होतो. पण तिच्या वहीत 'फरशी खराब केली' अशी नोंद नसते. माझ्या मते साफसफाईतल्या अर्ध्या तक्रारींचं मूळ काम धरताना दिलेल्या शब्दात असतं. 'नव्यासारखं' हा शब्द ज्याने दिला, त्याने तक्रार त्याच क्षणी कबूल केली. जुन्या डागांचे, तुटलेल्या टाइलचे, आधीच्या ओरखड्यांचे फोटो घरच्या माणसासमोर मोबाइलवर काढून ठेवण्याची सवय काहींना लागली आहे. ती चांगली आहे. पुढे आठवणींवरून भांडण होत नाही.

आता कायदा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर गिऱ्हाइकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. परभणीलाही आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क लागत नाही, आणि सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. या कायद्यात एक फरक केलेला आहे जो दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावा. घरात नोकरीला ठेवलेल्या मोलकरणीचं काम वैयक्तिक सेवेचा करार मानलं जातं आणि ते या कायद्याच्या 'सेवा' व्याख्येबाहेर आहे. तिच्याविरुद्ध ग्राहक म्हणून जाता येत नाही. ठेका घेऊन घर साफ करून देणारा व्यवसाय मात्र आत येतो. करारातला हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली डॉक्टरांच्या सेवेसंबंधीच्या निकालात उलगडून सांगितला होता. म्हणजे ज्या दिवशी धुणीभांडी करणारी बाई चार जणींना घेऊन ठेके घ्यायला लागली, त्या दिवशी ती कायद्याच्या नजरेत व्यापारी झाली, जबाबदारीसकट. हे तिला माहीत असावं. पण पंख्याच्या पात्यासाठी आयोगात कोणी जात नाही. पंख्याचा न्याय उंबऱ्यावरच होतो, नाहीतर कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपवर नाव आलं तर उत्तर तिथे द्यायचं नाही. फोन उचलायचा किंवा सरळ घरी जायचं. ग्रुपवर दिलेलं उत्तर तक्रार करणाऱ्याला उद्देशून नसतं, बघणाऱ्यांना उद्देशून असतं, आणि बघणाऱ्यांना न्याय नको असतो, भांडण हवं असतं.

येड्यालाही मर्यादा लागते, हे मान्य. पैसे कापून घेण्यासाठीच तक्रार करणारी घरं प्रत्येक गल्लीत असतात. दोनदा जावं, दाखवतील ते करून द्यावं. तिसऱ्यांदा पैसे परत द्यावेत आणि हात जोडून सांगावं, "आमच्या हातून तुमचं समाधान होईना, दुसरं कोणी बघा." आवाज न चढवता. पैसे परत देणं ही हार वाटते खरी, पण त्याच पैशांसाठी महिनाभर मनात वाद घालत बसण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

इथपर्यंतचा येडेपणा धुळीचा आणि डागांचा होता. धुळीच्या तक्रारीवर आधी विश्वास ठेवावा, मग तपासावं. एक तक्रार मात्र अशी आहे की जिथे विश्वास उलट्या बाजूला ठेवावा लागतो. तिथेच खरा मूर्ख ओळखू येतो.

गंगाखेड परभणी जिल्ह्यातलं. दमा आणि करुंड यांची मुलगी जनाबाई तिथली. ती लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली आणि आयुष्यभर नामदेवांच्या घरची दासी म्हणवून घेत जगली. झाडलोट, दळणकांडण, धुणं, पाणी भरणं, शेणी वेचणं हे तिच्या अभंगांचं जग आहे. मराठीतल्या संतकवींमध्ये घरकामाबद्दल इतक्या जवळून बोलणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. तिच्या कथेत विठ्ठल तिच्यासोबत जात्यावर बसतो, केर भरतो. आणि परंपरेने सांगितलेली एक कथा अशी की एका रात्री देव तिच्याकडून परतताना आपलं पदक तिथे विसरला आणि तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवळात पदक नाही आणि देवाच्या अंगावर दासीची फाटकी वाकळ. जनाबाईवर चोरीचा आळ आला. तिला सुळावर चढवायला चंद्रभागेच्या वाळवंटात नेलं. सुळाचं पाणी झालं, असं कथा सांगते.

या कथेतले लोक दुष्ट होते असं मला वाटत नाही. ते शहाणे होते. त्यांच्याकडे पुरावा होता. दागिना गायब, वाकळ तिची, आणि ती गरीब. एवढ्यावर आजही निकाल होतो. कानातलं सापडत नाही, काल साफसफाईच्या बाया येऊन गेल्या, संपलं. ज्याच्या घरातून वस्तू गेली तो घाबरलेला असतो, त्याला उत्तर लगेच हवं असतं, आणि बाहेरून आलेलं माणूस हे सगळ्यात जवळचं उत्तर असतं. पंढरपुरातही बाकी कोणाला विचारावं असं कोणाला सुचलं नाही.

सुळाचं पाणी होणं हे जनाबाईच्या नशिबी होतं. आजच्या बाईच्या नशिबी ते नाही. नोकराने केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षा तर फार पुढची गोष्ट. नुसतं नाव निघालं की त्या कॉलनीतली तिची सगळी घरं एका संध्याकाळी सुटतात. शहाणी मालकीण अशा वेळी ताबडतोब म्हणते, "मी तिला काढून टाकते." गिऱ्हाइक शांत होतं, धंदा वाचतो. तक्रार हाताळण्याच्या कुठल्याही शिकवणीप्रमाणे हे उत्तर उत्तम आहे: तत्पर, नम्र, गिऱ्हाइकाला समाधान देणारं. आणि ते नीच आहे.

येडी मालकीण म्हणते, "दादा, वस्तू गेली हे वाईट झालं. घरात सगळ्यांना विचारा, गाद्या उचलून बघा, आम्ही येऊन मदत करू. पण माझ्या बाईची पिशवी मी तुम्हाला झडतीला देणार नाही. तुम्हाला पोलिसांत जायचं असंल तर तो तुमचा हक्क हाय. बोलावलं तर मी तिला घेऊन स्वतः येईन." मग ती त्या बाईला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी कामाला नेते. बाई निर्दोष आहे अशी ग्वाही ती देत नाही, कारण तिला ते माहीत नसतं. चोऱ्या होतातही. ती एवढंच करते की विचारपूस होण्याआधी कोणाला सुळावर जाऊ देत नाही. हे करताना ते गिऱ्हाइक जातं, त्याचे चार नातेवाईक जातात. म्हणूनच ती काम सुरू करायच्या आधी प्रत्येक घरी सांगते की दागिने, रोकड कपाटात घाला, किल्ली जवळ ठेवा, आणि कपाट-गादी हलवताना घरचं कोणीतरी खोलीत थांबा. काही गिऱ्हाइकांना हे ऐकून संकोच वाटतो. बाईला मात्र तो संकोच सोसवतो, कारण त्यानेच ती वाचते.

आणि या सगळ्या येडेपणाचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं? मी पाहतो त्या बऱ्याच ठिकाणी मालक फार उदार असतात. गिऱ्हाइकाला लगेच पैसे परत करतात आणि तेवढेच बाईच्या हजेरीतून कापतात. परत जाऊन पंखा पुसला त्या पाऊण तासाची मजुरी बाईला मिळत नाही. हा येडेपणा नव्हे, दुसऱ्याच्या खिशातला दानधर्म झाला. ठेंगणं स्टूल मालकाने दिलं होतं. चुकीचा खर्चही त्याचाच. पुन्हा केलेल्या कामाची मजुरी बाईला पहिल्या कामाइतकीच मिळाली पाहिजे, नाहीतर ती पुढच्या वेळी चूक सांगणार नाही, लपवेल.

बाईचीही तक्रार असते, ती ऐकायला आणखी मोठा मूर्ख लागतो. ती सहसा एकाच वाक्यात येते आणि हळू आवाजात. तीन तास बाथरूम घासलं, पण वापरू दिलं नाही. भर मे महिन्यात परभणीत पारा ४० च्या वर असताना पाणी मागितलं तर वेगळा, कडेला ठेवलेला पेला दिला. घरी एकटा पुरुष होता आणि तो दारात उभा राहून बघत होता. पहिल्या दोन तक्रारी मालकिणीने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायच्या असतात. तिसरीसाठी कायदा आहे. २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे आणि तिच्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला त्यानंतर २००८ साल उजाडलं. अठ्ठावीस वर्षं. काकूंच्या पंख्याला सकाळपर्यंत उत्तर मिळतं. ज्या मालकिणीच्या तक्रारवहीत बायांसाठी एक पानही नाही, तिने तक्रारी हाताळते म्हणू नये.

यंदा दसरा काढायला बाहेरून बाया बोलावणार असाल, तर वाचकहो, तक्रार जरूर करा. त्याच दिवशी करा, मालकिणीला करा, जागा दाखवून करा. पाणी नेहमीच्या पेल्यातून द्या आणि बाथरूमचं दार उघडं ठेवा. एखादी वस्तू सापडली नाही, तर नाव घेण्याआधी घरभर शोधा. आणि नाव घेऊन झाल्यावर ती वस्तू सापडली, तर ज्या लोकांसमोर त्या बाईचं नाव घेतलं होतं त्याच लोकांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात, ती सापडली असं सांगा.